माझी बटणं कोण हलवतं

झिंज, मनामा
शुक्रवार

प्रिय मृणाल,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी शिवदासलाच विचारशील, ताई बरी आहे ना म्हणून. बरी आहे. शिवदास आमच्या वर्कशॉपची पिकअप चालवतो, मूळचा लांज्याचा. रजेवर निघालाय आणि तुमच्या चिपळूणवरूनच पुढे जाणार म्हणाला, म्हणून हलव्याचा डबा, थोडा खजूर आणि हे पत्र त्याच्या हाती दिलंय. डब्याला मी चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे. पट्टी उचकटलेली दिसली तर कळव. माणूस चांगला आहे, पण हलवाही चांगला आहे.

फोनच का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझा कुकर शिट्ट्या मारायला लागतो. वॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तुझ्या घरात ते कोण कोण वाचतं ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून कागद. अक्षर एवढं टपोरं का काढलंय आणि दोन्ही बाजूंना एवढी जागा का सोडली आहे, तेही कळेल. कंजूष बाई कागद वाया घालवते आहे म्हणजे काहीतरी असणार, एवढं तू ओळखलंच असशील.

गेल्या खेपेला तू बराच वेळ रंभाबद्दलच बोललीस. आर्या रांगत होती तेव्हापासून तुझ्याकडे कामाला असलेली बाई, आणि आता म्हणे मुद्दाम वस्तू हलवते. ओट्यावर ठेवलेला चिमटा जागेवर नसतो, कपाटाच्या किल्ल्या खुंटीवरून नाहीशा होतात आणि मग तीच येऊन त्याच खुंटीवरून काढून देते. साळसूदपणाचा कहर आहे, असं तू म्हणालीस. तिला तू यायचं नाही म्हणून सांगितलंस तेही ऐकलं. वर वॉचमन गेट धड उघडत नाही म्हणून स्कूटर परत खांबाला घासली. मी तुझ्या हो ला हो केलं. संशय घेण्यात आपण दोघी सख्ख्या बहिणी. पण त्या वेळी माझंही एक प्रकरण चालू होतं आणि त्यातलं मी तुला अक्षरही सांगितलं नव्हतं.

माझं काम तू लोकांना 'ताई कॉम्प्युटरवर फर्निचर काढते' असं सांगतेस, तेच. दारं, कपाटं, रिसेप्शनची टेबलं. मी रेघा मारते आणि वर्कशॉपमधले लोक त्या रेघांबरहुकूम लाकूड कापतात. सध्या सखीरच्या विद्यापीठातल्या एका सभागृहाच्या दारांचं काम आहे. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्यात स्क्रीनच्या वरच्या कडेला टूलबार असतो, म्हणजे बारीक बारीक चित्रांची बटणं. एकाने रेघ मारायची, एकाने वळवायची, एकाने जादा रेघ छाटायची. छाटायच्या बटणाला ट्रिम म्हणतात. ही चित्रं तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि मला त्यांच्याकडे बघावंही लागत नसे. स्वयंपाकघरात काळोखात हात घातला तरी तुला मोहरीचा डबा सापडतो ना, तसं.

तर एका रविवारी सकाळी (इथे आठवडा रविवारी सुरू होतो) कॉम्प्युटर उघडते तो काय, रातोरात नवा अवतार. चित्रं ही एवढाली. तांदळाच्या जागी एकदम पुऱ्या. त्यांचे रंग गेले, खालची नावं गेली, आणि त्यांनी एवढी जागा खाल्ली की खाली ड्रॉइंगला जेमतेम पट्टी उरली. जी बटणं मावली नाहीत ती उजव्या टोकाला एका बाणाखाली कोंबलेली. त्यात माझं ट्रिम. मी दिवसभर त्या बाणाला शिव्या देत काम केलं.

आता मला सांग, चालत्या गोष्टीला कुणी उगाच हात लावतं का? रात्री घरी सलील म्हणाला, अगं फॅशन बदलते, साड्यांचे काठ नाही का रुंद होत. मी म्हटलं, साडी मी दुकानात जाऊन घेते, हे मला झोपेत नेसवलंय. तो हसला आणि बातम्या बघायला लागला. मला मात्र चैन पडेना. आधी वाटलं, कंपनीला हे सगळं बोटाने दाबायच्या स्क्रीनवर विकायचं असेल, म्हणून जाड बोटांसाठी जाड बटणं. मग वाटलं, मुद्दाम गैरसोय करायची आणि जुनी सोय पुढच्या वर्षी पैसे लावून परत द्यायची, असा डाव असेल. पण खरा संशय त्याहून जवळचा होता.

आमच्याकडे पुण्याची एक मुलगी आली आहे, निधी. हुशार, चटपटीत, आवाज मधात घोळलेला. तिनेच ते नवं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर घातलं. पहिल्याच आठवड्यापासून न सांगता माझ्यासाठी करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, घेऊन यायला लागली. न मागता चहा आणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, तुला ठाऊक आहे. आमचा मॅनेजर ताहिर हैदराबादचा. त्याच्याकडे तक्रार नेली तर म्हणतो, लीनाजी, टेन्शन नक्को, दो दिन में आदत हो जाती, खलास. जो उठतो तो मला सवय होईल म्हणून सांगतो. आणि इकडे आखातात रीत अशी की एखाद्याला घरी पाठवायचं असलं तर तोंडावर कुणी बोलत नाही. आधी त्याचं काम अवघड होतं, मग त्याला वेळ लागायला लागतो, आणि व्हिसा नवा करायची वेळ आली की तोच वेळ त्याच्यापुढे मांडतात. माझा व्हिसा याच वर्षी संपतो आहे. माझ्या जागी निधीला बसवायचं असेल तर माझी बटणं अवघड करण्यासारखा सोपा उपाय नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

पण मी अशी तशी सोडते होय? सॉफ्टवेअर कंपनीला इंग्रजीत खरमरीत मेल लिहिली. ऑफिसातल्या सगळ्यांना भडकवलं, कारण वैतागले सगळेच होते, बोलत कुणी नव्हतं. आमचा सुतारांचा मुकादमसुद्धा म्हणाला की ही बटणं आहेत का टाइल्स. शेवटी निधीनेच कुठूनतरी एक सेटिंग शोधून काढलं आणि सगळ्यांचे आयकॉन पूर्वीसारखे बारीक करून दिले. माझेही. रंगसुद्धा परत आले. त्या दिवशी मी बाजारातून जिलबी आणवून वाटली. निधीला दोन जास्त दिल्या, म्हणजे संशय उघड दिसायला नको.

आणि मृणाल, जिंकल्यावरही मला ट्रिम सापडेना.

बारीक चित्रं, जुने रंग, जुनी ओळ, सगळं मनासारखं. पण हात जिथे जायचा तिथे बटण नाही. नजर फिरवली तर कधी एकदम समोर यायचं, कधी यायचंच नाही. कधी ट्रिम गायब, कधी त्याच्या शेजारचं. मोठ्या आयकॉनवर खापर फोडायला आता जागा नव्हती, मग मी ते निधीच्या डोक्यावर फोडलं. मी जेवायला उठले की ही माझी बटणं हलवते, अशी माझी खात्रीच झाली. उठताना कॉम्प्युटरला कुलूप लावायला लागले, पासवर्ड बदलले. सभागृहाची दारं मागे पडत चालली आणि ताहिर यल्ला लीनाजी, यल्ला, जल्दी करो म्हणत खेटे घालू लागला. त्याच सुमारास आमच्या गाडीला उजव्या बाजूने लांबलचक ओरखडा आला. मी खालच्या कोल्ड स्टोअरच्या पोऱ्याच्या सायकलवर आळ घेतला. तो बिचारा शपथा घेत राहिला. कोल्ड स्टोअर म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. तेव्हापासून तो मला शिळा पाव देतो, अशीही माझी एक शंका आहे.

मग मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. घरी निघताना मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा आणि सकाळी ताडून बघायचं. दुसऱ्याच दिवशी चोरी पकडली. फोटोत ट्रिम ठसठशीत दिसत होतं आणि समोरच्या स्क्रीनवर त्या जागी नुसती करडी पट्टी. मी तशीच उठले, ताहिरला केबिनमधून बोलावून आणलं, निधीलाही उभं केलं आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं की हे बघा, काल होतं, आज नाही, आता मला सांगा कोण हलवतं. ताहिरने फोटो बघितला. स्क्रीन बघितली. मग हात लांब केला आणि बोट स्क्रीनवर टेकवलं. मी त्याच्या बोटाकडे नजर वळवली तेव्हा बोटाखाली ट्रिम होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले असते. निधीने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, मॅडम, तुम्ही हल्ली मान खूप फिरवून बघता, मी खूप दिवस सांगणार होते. चहा ती त्यासाठीच आणत होती. बोलायचा धीर व्हायचा नाही, कप ठेवून परत जायची. मी हात सोडवून घेतला. तरी त्याच दुपारी सलीलने मला हूरा भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथली तपासणी ऐक. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघायचं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बटणांनी तिथेही पाठ सोडली नाही. मी दाबत होते, मग बराच वेळ काहीच होईना. मी त्या माणसाला सांगितलं की तुमचं यंत्र अडकलंय. तो म्हणाला, नहीं मॅडम, मशीन चालू है. मला वाटलं, हाही त्यातलाच. दिवे सगळे लागत होते, मृणाल. मला दिसत नव्हते.

डॉक्टर रशीदा म्हणून आहेत, शांत बाई. काचबिंदू आहे म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. कडेकडेची नजर खात खात आत येतो. मधलं शाबूत असतं, म्हणून वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. फोटोत मला ट्रिम का दिसलं तेही त्यांनी सांगितलं. अख्खी स्क्रीन हातातल्या फोनमध्ये मावली, म्हणजे माझ्या उरलेल्या मधल्या नजरेत मावली. आणि जिथलं दिसत नाही तिथे काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं काहीतरी घेऊन ती जागा भरून टाकतो. करड्या पट्टीवरचं बटण गेलं तर तो तिथे करडी पट्टीच दाखवतो. अखेर चोर सापडला, आणि तो घरातलाच निघाला.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होता का. मी ठासून नाही म्हटलं. वडील तर शेवटपर्यंत चाळशी लावून पेपरातल्या बारीक जाहिराती वाचत होते. त्या म्हणाल्या, वाचणं ठीक आहे, पण कशाला धडकत होते का, बाजूने आलेल्या माणसाला ओळखत होते का. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला तुझ्या लग्नातली व्याहीभेट दिसली.

तो विषय आपण काढत नाही. आज मी काढते आहे, रागावू नकोस. परीक्षितचे वडील नाहीत, म्हणून मोठे काका व्याही म्हणून पुढे आलेले. नारळ घेऊन, हात पसरून आप्पांच्या डाव्या अंगाला उभे. आणि आप्पा त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ चालत गेले आणि समोरच्या धाकट्या काकांना कडकडून भेटले. अख्खा मांडव बघत होता. मोठ्या काकांचा नारळ हातातच राहिला. वखारवाल्यांची मान वळत नाही, हे वाक्य तू त्या घरात किती वर्षं ऐकलंस ते मला माहीत आहे. एकदा तू रडत म्हणाली होतीस की आप्पांनी त्या दिवशी एवढीशी मान वळवली असती तर माझे सुरुवातीचे दिवस असे गेले नसते. मी तेव्हा तुझीच बाजू घेतली होती. मीही आप्पांना घमेंडखोरच समजत होते.

त्यांना काका दिसलेच नाहीत, मृणाल. लोकांनी सांगितलं तेव्हा गांगरून उभे राहिले, आपण काय केलं ते त्यांना कळेना, आणि कळेना म्हणून ते चिडले. आता आठव म्हणजे सगळं आठवेल. रस्त्यात ओळख न देणारे आप्पा. उंबऱ्याला ठेचकाळले की आईवर ओरडणारे आप्पा. आपल्या लाकडाच्या वखारीत करवतीवर बसायचं त्यांनी एकाएकी सोडलं आणि आपण म्हटलं, मालक झाले, आता गादी हवी. आणि त्यांची ती रोजची तक्रार, कुणीतरी माझ्या वस्तू हलवतं. टेप इथे ठेवला होता, पेन्सिल इथे होती. बाबल्या वखारीत त्यांच्याच हाताखाली मोठा झालेला, त्याला त्यांनी तेवढ्यावरून काढून टाकलं. बाबल्या जाताना त्यांच्या पाया पडला, आणि आप्पा दुसरीकडेच बघत राहिले. त्याचंही आपण वाईट मानलं. हूऱ्याच्या फुटपाथवर उभी राहून मी आप्पांसाठी रडले. ते गेले तेव्हा रडले नव्हते इतकी रडले.

माझं म्हणशील तर जे गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते राखता येतं. रोज झोपताना थेंब घालते. गाडी चालवणं सोडलं. कोल्ड स्टोअरमध्ये जाऊन त्या पोऱ्याची माफी मागितली, आता पाव ताजा असतो, किंवा आधीही ताजाच असेल. आणि हसशील, माझ्या एकटीच्या स्क्रीनवर मोठे आयकॉन परत आले आहेत. निधीने लागतील तेवढेच मोजके निवडून स्क्रीनच्या मध्यावर आणून ठेवले, पुऱ्यांएवढे. ज्यांच्याविरुद्ध मी ऑफिस पेटवलं तेच आता माझं पोट भरताहेत. सखीरची दारं गेली एकदाची. व्हिसाचं विचारलं तर ताहिर इंशाल्ला म्हणतो, आणि त्याच्या इंशाल्लावर संशय घेणं मी तूर्त तहकूब ठेवलंय.

आता पत्र कशासाठी ते. निघताना डॉक्टर रशीदांनी विचारलं, सख्खं भावंड आहे का कुणी. मी म्हटलं, धाकटी बहीण आहे, ठणठणीत आहे. दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला, रंभाचा, किल्ल्यांचा, गेटच्या खांबाचा. आप्पांच्या वखारीत वस्तू हलत होत्या, माझ्या स्क्रीनवर बटणं हलत होती, आणि आता तुझ्या घरात चिमटा हलायला लागलाय. मी ऐकत होते आणि हो ला हो करत होते. ओळी मधोमध लिहिल्या आहेत त्या माझ्या सोयीसाठी, आणि न जाणो, तुझ्याही. स्कूटर आजपासून बंद. रंभाला परत बोलव आणि तिलाच सोबत घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून येऊ नकोस. डोळ्याचं प्रेशर आणि कडेची नजर तपासा म्हणून सांग, आणि त्या वाडग्यात दिवे लागलेच नाहीत असं वाटलं तर त्या माणसाशी भांडू नकोस. घरात काय सांगायचं ते तू ठरव. मोठ्या काकांना मात्र आप्पांचं सांग, माझ्यासाठी. जन्मभर माझा प्रत्येक संशय खरा निघावा म्हणून मी जिवाचं रान केलं. हा एवढा एक खोटा निघू दे. तपासून आलीस की फोन कर, आणि ताई तू ठार वेडी आहेस असं म्हण. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझीच,
ताई